साबाजी भोसले : वऱ्हाडच्या यादवींतील एक शिपाई व त्याचें घर

यादवी हा शब्द वृत्तपत्रांतून आपल्या इतका अंगवळणीं पडला आहे कीं, त्यामागील यादवांची आठवण आतां फारशी कोणास होत नाहीं. प्रभासक्षेत्रीं समुद्रकांठचें गवत उपटून एकाच कुळांतील पुरुषांनीं एकमेकांचा संहार केला, ही महाभारतांतील कथा. पुढें स्पेनमध्यें असो, चीनमध्यें असो, कीं अमेरिकेंत असो, एका राष्ट्राचे लोक आपसांत लढूं लागले म्हणजे त्या युद्धास आपण हेंच नांव देऊं लागलों. इंग्रजांनीं त्यासाठीं योजलेला शब्द नागरिकावरून बनला आहे, आपला कुळावरून. हा भेद केवळ शब्दापुरता नाहीं, असें वऱ्हाडच्या इतिहासाकडे पाहतांना मला वाटतें. येथील यादवी खरोखरच एका घरांत झाली, आणि तींत पडलेल्या प्रमुख योद्ध्यास गोळी लागली ती त्याच्याच भावाच्या हातून. त्या योद्ध्याचें नांव साबाजी भोसले.

अमेरिकेची गोष्ट आधीं सांगतों, कारण तिच्यामुळेंच हा विषय मनांत आला. १८६१ ते १८६५ या काळांत तेथें उत्तर व दक्षिण असे दोन पक्ष लढले. त्या युद्धांत लढलेल्या एखाद्या अगदीं साध्या शिपायाचें घरहि आज तेथील लोकांस पुष्कळ अंशीं शोधून काढतां येतें. तो कोणत्या पलटणींत होता, केव्हां जखमी झाला, त्याच्या विधवेनें निवृत्तिवेतनासाठीं कोणता अर्ज केला, सोबत लग्नाचा कोणता दाखला जोडला, मुलें किती होतीं, हें सर्व सरकारी दप्तरांत बांधून ठेवलेलें आहे. त्या युद्धांतील एका शिपायाच्या मुलीस २०२० सालीं तिचा अंत होईपर्यंत बापाच्या चाकरीबद्दल दरमहा वेतन मिळत होतें. बापानें उतारवयांत पुन्हां लग्न केलें होतें, म्हणून असें घडलें. तरी युद्ध संपल्यावर दीडशेंहून अधिक वर्षें एका शिपायाचें देणें सरकार फेडीत राहिलें, ही गोष्ट कांहीं लहान नव्हे.

आपल्याकडील शिपायाचें घर इतक्या सहज उलगडत नाहीं. बखरकाराचें लक्ष हत्तीवर बसलेल्या पुरुषाकडे असतें. त्याच्या मागून धूळ खात येणारा स्वार त्याला एका आंकड्यांत दिसतो, 'दहा हजार फौज' म्हणून. यास्तव मीहि सरदाराच्याच दारानें आंत शिरणार आहें, आणि जमेल तेथें त्या स्वाराकडे वळणार आहें.

नागपूरकर भोसल्यांचें घराणें मूळचें वऱ्हाडांत वाढलें, हें आपण कधीं कधीं विसरतों. अमरावतीस एके काळीं 'भोसल्यांची अमरावती' म्हणत. घराण्याचा खरा उत्कर्ष करणारा पहिला रघूजी हा लहानपणीं यवतमाळकडील भाम येथें चुलता कान्होजी याच्या आश्रयास राहिला होता. पुढें शाहू छत्रपतींचा कान्होजीवर रोष झाला, आणि त्याला धरून आणण्याचें काम रघूजीकडे आलें. वणीजवळच्या मंदर गांवीं पुतण्यानें चुलत्याचा पराभव करून त्यास पकडलें. कान्होजीचें उरलेलें आयुष्य साताऱ्यास कैदेंत गेलें. म्हणजे ज्या घराची गोष्ट आपण ऐकणार आहों, त्याच्या पायांतच भाऊबंदकीचा दगड बसला होता. रघूजीनें पुढें बंगालवर स्वाऱ्या केल्या, १७५१ च्या तहानें अलीवर्दीखानाकडून बारा लाखांची चौथाई मान्य करून घेतली, ओरिसा प्रांत हातीं आणला. आणि १७५५ च्या फेब्रुवारींत तो नागपुरास वारला.

त्याला चार पुत्र. यांतील नातें नीट ध्यानांत घेतल्यावांचून पुढील सारा अनर्थ कळणार नाहीं. जानोजी हा वयानें वडील. पण तो व साबाजी हे धाकट्या राणीचे. मुधोजी व बिंबाजी हे थोरल्या राणीचे. वयाचा मान एकाकडे, आईचा मान दुसऱ्याकडे! असल्या घरांत बापाच्या तेराव्यानंतर काय होतें, हें मीं श्रोत्यांस सांगावयास नको. शेताच्या चार तुकड्यांवरूनहि हेंच होतें. जानोजी व मुधोजी यांच्यांत तंटा लागला, तो पुण्यास गेला, आणि पेशव्यांनीं जानोजीस 'सेनासाहेब सुभा' हें बापाचें पद व मुधोजीस 'सेनाधुरंधर' असा नवा किताब देऊन मिटविला. मुधोजीकडे चांदा, बिंबाजीकडे छत्तीसगड, आणि साबाजीकडे दारव्हा व वऱ्हाडचा भाग, अशी वांटणी राहिली.

परंतु मुलुखाची वांटणी होते, पदाची होत नाहीं. सेनासाहेब सुभा एकच असावयाचा. शिक्का एक, सातारा-पुण्याहून येणारीं वस्त्रें एकच जोडी, आणि त्या शिक्क्याखालीं नेमलेली फौजहि एक. यादवीचें बीज येथें आहे असें मी समजतों. मुधोजी वाईट होता कीं साबाजी वाईट होता, ही चर्चा मला फारशी फलदायी वाटत नाहीं.

आतां त्या फौजेकडे वळूं. मराठी घोडदळांत ठोकळ मानानें दोन प्रकारचे स्वार असत. ज्याचा घोडा सरकारचा किंवा पागेच्या मालकाचा, तो बारगीर. ज्याचा घोडा व हत्यार स्वतःचें, तो शिलेदार. ऐकावयास शिलेदाराचा थाट मोठा. गांवांत त्याचा मान, दाराशीं घोडा, दसऱ्याला सीमोल्लंघनास तो पुढें. पण त्याच्या घराचा जमाखर्च पाहिला म्हणजे थाट उतरतो. त्या घोड्यांत घरची पुंजी अडकलेली असे, पुष्कळदां सावकाराचीहि. मोहिमेच्या आरंभीं सरकारांतून 'नालबंदी' म्हणून कांहीं रक्कम आगाऊ मिळे, तींतून खोगीर, नाल, दाणावैरण आणि घरीं ठेवावयाचे चार पैसे भागवावयाचे. पुढील रोजमुरा महिनोन्‌महिने थकावयाचा, आणि शेवटीं स्वारांनीं सरदाराच्या तंबूपुढें धरणें धरून तो वसूल करावयाचा, हा त्या काळचा नित्याचा प्रकार. लढाईंत घोडा मेला तर शिलेदाराची चाकरी गेलीच म्हणून समजावें. मराठी स्वार समोरासमोर भिडावयास कचरतो, असा ठपका परक्या लेखकांनीं ठेवला आहे. ज्याचें शेत, हुंडी आणि पोरांची भाकरी एका जनावराच्या पाठीवर बसली आहे, त्यानें तें जनावर तोफेच्या तोंडीं सहज द्यावें, ही अपेक्षा करणाऱ्यांचे स्वतःचे घोडे सरकारी खर्चानें आलेले होते, एवढेंच उत्तर मी देईन.

दसऱ्यास गेलेला पुरुष आषाढाच्या सुमारास परत यावा, असा साधारण क्रम. मधले आठ महिने घर बाईमाणसांचें. वऱ्हाडच्या काळ्या जमिनींत कपाशीची वेंचणी, जोंधळ्याची सोंगणी, खळें, सारा, सावकार, आजारी म्हातारा सासरा, हें सर्व तिनें पहावयाचें. आणि फौज गांवावरून गेली तर 'घासदाणा' द्यावयाचा तोहि तिनेंच. वऱ्हाडांत ही पीडा दुप्पट होती, कारण येथें अंमल दोघांचा. मुलूख नांवाचा निजामाचा, पण वसुलांतला मोठा वांटा भोसल्यांचा. साधारणतः शेंकडा साठ भोसल्यांकडे आणि चाळीस निजामाकडे, असें प्रमाण सांगतात. एका गांवांत दोन सरकारांचे कारकून येऊन बसत. पाटलाची गढी वऱ्हाडांत एवढी भक्कम कां, याचें उत्तर त्यांत बरेंचसें आहे.

आणि माणूस परत आला नाहीं तर? यासाठीं मराठी राज्यांत एक शब्द होता, तो आज जवळजवळ लोपला आहे : बाळपरवेशी. चाकरींत पडलेल्या माणसाच्या मुलांच्या पोषणासाठीं जी नेमणूक किंवा जमीन सरकार देई, तिला हें नांव. शब्द किती सुंदर आहे पहा! ज्या राज्यांत असा शब्द रोजच्या कारभारांतला होता, तें शिपायाच्या घराकडे पाठ फिरवून बसलें होतें, असें म्हणतां येणार नाहीं. परंतु बाळपरवेशी मिळावयाची म्हणजे कोणीतरी ती देणारा शिल्लक हवा. परक्याशीं झालेल्या लढाईंत हा प्रश्न पडत नाहीं; हार झाली तरी आपलें सरकार आपल्या जागीं असतें. यादवींत हरलेल्याचें सरकारच नाहींसें होतें. त्याच्यासाठीं जो मेला, त्याच्या पोरांनीं कोणाच्या दाराशीं जावें?

जानोजीच्या कारकीर्दींतच वऱ्हाडी स्वारास पक्ष बदलण्याची संवय लागली होती. १७६३ सालीं जानोजी निजामाच्या बाजूनें निघाला. राक्षसभुवनच्या लढाईपूर्वीं बत्तीस लाखांच्या मुलुखाच्या वचनावर तो पेशव्यांकडे वळला. १७६६ त पेशवा व निजाम यांनीं मिळून त्यांतील चोवीस लाखांचा मुलूख त्याच्याकडून परत काढला. १७६९ त माधवराव पेशवा स्वतः त्याच्यावर चालून आला, आणि कनकापूरच्या तहानें तें प्रकरण मिटलें. या चालींमागें जानोजीचा दिवाण देवाजीपंत चोरघडे यांचें डोकें असे. साडेतीन शहाण्यांत ज्यांची गणना होते, ते हेच. दिवाणाच्या शहाणपणाची किंमत स्वारानें घोड्याच्या नालांत मोजली असेल, हें वेगळें.

जानोजीस मूल नव्हतें. त्यानें मुधोजीचा मुलगा रघूजी यास दत्तक घ्यावयाचें ठरविलें, आणि १७७२ सालीं थेऊरला आजारी असलेल्या माधवरावांची त्यास संमति मिळविली. परतीच्या वाटेवर, त्याच वर्षीं मे महिन्यांत, जानोजी स्वतःच वारला. नोव्हेंबरांत माधवरावहि गेले. दत्तविधानास संमति देणारा आणि दत्तक घेणारा असे दोघेहि सहा महिन्यांत नाहींसे झाले.

येथें साबाजी पुढें येतो. त्याच्या बाजूनें पाहिलें तर त्याचें म्हणणें अगदींच पोकळ नव्हतें. तो जानोजीचा सख्खा, एका आईचा भाऊ. मुधोजी सावत्र. सख्खा भाऊ जिवंत असतां सावत्र भावाचा पोर गादीवर यावा, आणि त्या पोराच्या नांवानें सारा कारभार सावत्र भावानें करावा, हें त्याला मानवलें नाहीं. जानोजीची विधवा दर्याबाई हिलाहि तें मानवलें नाहीं; ती साबाजीच्या पाठीशीं उभी राहिली. कां, याचें कारण कल्पनेनें जाणणें कठीण नाहीं. दत्तक मुलाची खरी आई, मुधोजीची बायको चिमाबाई, जिवंत होती. मुलगा गादीवर बसला असता तर राजमाता कोण झाली असती? नांवानें दर्याबाई, पण वाड्यांत चिमाबाई. हा तंटा सरदारांच्या तंट्याहून जुना आहे आणि तो कोणत्याहि बखरींत पुरता लिहिला जात नाहीं.

नवा पेशवा नारायणराव यानें साबाजीचा पक्ष उचलला. दोघां भावांच्या फौजा १७७३ सालीं अकोल्याजवळ कुंभारी येथें भिडल्या. निकाल कोणताच लागला नाहीं. इतिहासाच्या पुस्तकांत या लढाईस एक ओळ मिळते, ती याचसाठीं. परंतु दोन्हीं बाजूंस जे स्वार होते ते याच मुलुखांतले, एका शिक्क्याखालीं काल एकत्र हजिरी देणारे, एकाच सेनासाहेबाच्या नांवानें नालबंदी घेतलेले. त्यांच्यांत एका गांवचे, एका भाऊकीचे लोक समोरासमोर आले नसतील, हें मला संभवनीय वाटत नाहीं. लढाईनंतर तडजोड झाली ती अशी कीं, पद लहानग्या रघूजीचें मानावें आणि त्याचीं वस्त्रें आणावयास वकील पुण्यास पाठवावे. त्याप्रमाणें व्यंकटराव व लक्ष्मणराव काशी हे दोघे प्रभु बंधु पुण्यास गेले.

ते गेले ते भलत्याच आगींत. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणरावाचा खून झाला. तेथेंहि चुलता आणि पुतण्याच! रघुनाथराव पेशवा झाला आणि त्यानें मुधोजीच्या बाजूनें कौल दिला. लवकरच नाना फडणीस, सखारामबापू आदि बारभाईंनीं रघुनाथरावाविरुद्ध कारस्थान उभारलें, तेव्हां साहजिकच त्यांनीं साबाजीस हाताशीं धरलें. निजामहि साबाजीकडे झाला. अचलपूरचा नबाब इस्माईलखान पन्नी, ज्यानें १७५७ सालीं बाळापूरच्या किल्ल्याचें बांधकाम पुरें केलें तोच, मुधोजीचा सहायक. नागपूरच्या वाड्यांतील भांडण पुण्याच्या वाड्यांतील भांडणास असें जोडलें गेलें, कीं आतां तें सुटणें भावांच्या हातीं राहिलें नाहीं. तडजोडीला बसणारा माणूस नेहमींच तिसऱ्याच्या तोंडाकडे पहात होता.

२६ जानेवारी १७७५. नागपूरच्या दक्षिणेस पांचगांव. जोंधळा खळ्यावर येण्याचे आणि गहूं उभा असण्याचे हे दिवस. लढाई साबाजीच्या बाजूनें झुकली होती. मुधोजीची फौज मोडली, आणि तो हत्तीवर थोडक्या लोकांनिशीं घेरला गेला. साबाजी विजयी झाला होता. त्याला आतां कांहींच करावयाचें नव्हतें. त्यानें आपला हत्ती भावाच्या हत्तीजवळ नेला आणि शरण येण्यास सांगितलें. मुधोजीनें पिस्तूल काढून जवळून गोळी झाडली. साबाजी अंबारींतच गतप्राण झाला, आणि जिंकलेली फौज त्या एका क्षणांत हरली.

ग्रँट डफपासून सर्व लेखकांनीं हा प्रसंग सांगितला आहे. बहुतेक त्यांत मुधोजीचें कपट पाहतात. मला साबाजीच्या त्या शेवटच्या कृतीकडे पहावेंसें वाटतें. शत्रूला कोणी स्वतःचा हत्ती असा भिडवीत नाहीं. भालेकरी पाठवितो, बंदुकी लावतो. जवळ गेला, बोलला, हातभर अंतरावर थांबला, तो भाऊ म्हणून. मुधोजीच्या बाजूनेंहि एक गोष्ट बोलावयास हवी : धरला गेलेला चुलता पुढें कोठें जातो, हें त्या घरांत कान्होजीच्या वेळेपासून सर्वांस ठाऊक होतें.

धनी पडला म्हणजे मराठी फौज कां मोडते, हेंहि आतां ध्यानांत येईल. थकलेला रोजमुरा, मेलेल्या घोड्याची भरपाई, पडलेल्याची बाळपरवेशी, या सर्व वचनांचा धनी एकच माणूस. तो अंबारींत आडवा झाला कीं ऋणको गेला. त्याच्यासाठीं आणखी कोणी मरावयाचें, तर तें कशाच्या भरंवशावर? संध्याकाळपर्यंत कालचे साबाजीचे स्वार मुधोजीच्या छावणीकडे वळले असतील, तर तो केवळ हरामखोरीचा प्रकार नव्हे. शिक्का तर तोच होता.

विजयाचें फळ मुधोजीस मिळालें, पण वऱ्हाडास शांतता मिळाली नाहीं. निजामानें इब्राहिम बेग धौंसा यास फौजेनिशीं पाठविलें, आणि त्याच वर्षीं अचलपुराजवळ लढतांना इस्माईलखान मारला गेला. रघूजीचें सेनासाहेबपद पुढें पुण्यानेंहि मान्य केलें. मुधोजीनें १७८८ मध्यें मरेपर्यंत त्याच्या नांवानें कारभार पाहिला. छत्तीसगडचा बिंबाजी या सर्व काळांत रतनपुरास राहिला; १७८७ त तो वारला, आणि त्याची विधवा आनंदीबाई हिनें तेथील कारभार हातीं धरला.

ज्या मुलासाठीं एवढें झालें, तो दुसरा रघूजी १८१६ पर्यंत जगला. १८०३ सालीं इंग्रजांशीं आडगांव येथें व नंतर गाविलगडावर त्याचा पराभव झाला. आडगांवास त्याच्या फौजेचें आधिपत्य त्याचा भाऊ व्यंकोजी याच्याकडे होतें, म्हणजे निदान या पिढींत तरी भाऊ एका बाजूस होते. पण रघूजी वारल्यावर वर्ष होण्याच्या आंत त्याचा दुबळा मुलगा परसोजी मारला गेला, आणि तें कृत्य व्यंकोजीचा मुलगा आप्पासाहेब याचें, असें मानलें जातें. रघूजीची राणी बाकाबाई हिनें हें सारें पाहिलें. पुढें मुलीच्या मुलासाठीं तिनें कारभार संभाळला, आणि १८५४ त राज्य खालसा होऊन वाड्यांतील चीजवस्तु लिलावांत गेली, तीहि पाहिली. १८५८ मध्यें ती वारली. त्या घरांतील बायका पुरुषांहून अधिक काळ जगल्या, आणि जमाखर्चाची उरलेली बाजू त्यांनीं मिटविली.

कुंभारी आज अकोल्याच्या इतकी जवळ आहे, कीं शहरांतील पुष्कळांस तेथें जावयास कांहीं मिनिटें पुरतात. पांचगांवहि नागपूर-उमरेडच्या बाजूस वाहत्या रस्त्यावरचें गांव आहे. त्या दोन्हीं लढायांत पडलेल्या स्वारांचीं नांवें एकत्र लिहिलेलीं माझ्या पाहण्यांत नाहींत. परंतु वऱ्हाडांतील जुन्या घरांत, गढीच्या माळ्यावर, देवघराच्या फडताळांत मोडी कागदांचे रुमाल अजून निघतात. श्रोत्यांपैकीं कोणाच्या घरीं असा रुमाल असेल, आणि मोडी वाचणारा कोणी भेटला, तर त्याला प्रथम वतनाची सनद शोधावयास लावूं नये. नालबंदीची यादी, घोड्याच्या किंमतीचा तपशील, बाळपरवेशीचा अर्ज, असले फुटकळ कागद आधीं पहावे. सनदेवर मालकाचें नांव असतें. या कागदांवर शिपायाचें, त्याच्या गांवाचें, आणि त्याच्या मागें राहिलेल्या मुलांचें असतें.